‘तो’ कुणाचा

वाक्य एक सेकंद आणि नऊ दशांश लांबीचं आहे. ‘तुम्ही जा, मी इथंच थांबतो.’ पाच शब्द, दहा अक्षरं. या दहा अक्षरांवरून माझ्या सख्ख्या भावानं मला घरातून चालती हो म्हटलं, म्हणून सगळं क्रमानं सांगते.

चाळीस वर्षांपूर्वीच्या ‘नऊ नंबरचा दरवाजा’ या चित्रपटात एक धरण फुटायच्या बेतात असतं. गावकरी पळतात. नऊ वर्षांचा एक मुलगा दरवाजाचं चाक धरून उभा राहतो आणि हे वाक्य बोलतो. चित्रपट फारसा चालला नाही, वाक्य मात्र चाललं. तो मुलगा म्हणजे मास्टर सत्या. पुढे त्याचे आमदार सत्यशील बर्गे झाले, तेही बरेचसे या वाक्यावर. सभेच्या शेवटी ते माइकपासून बाजूला होत, स्पीकरवरून चित्रपटातला आवाज येई आणि लोक उभे राहत. गेल्या वर्षी पिंपरीच्या दोन पोरांनी ते वाक्य उचलून त्याच्याखाली ढोल आणि बास घातला. गाणं वरातींपासून व्यायामशाळांपर्यंत सगळीकडे वाजलं, आणि या निवडणुकीत बर्ग्यांनी तेच प्रचारगीत म्हणून घेतलं.

इथे आमच्या केंद्राचा संबंध आला. ध्वनिमूळ कायद्याप्रमाणे गाण्यात दुसरीकडून उचललेला आवाज असेल तर त्याचं मूळपत्र लागतं. आवाज कुठल्या चित्रपटातला, कुठल्या दृश्यातला आणि मुख्य म्हणजे कुणाच्या गळ्यातला, हे त्यात लिहायचं. ज्याचा गळा, त्याची संमती. ती नसेल तर गाणं वाजवायचं नाही. विरोधी उमेदवारानं हरकत घेतली की हा आवाज बर्ग्यांचा नाहीच, आणि ती फाइल माझ्या टेबलावर आली.

मी पद्मजा मगदूम. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि दोन वर्षांपासून पुण्याच्या ध्वनिमूळ केंद्रात तपासनीस होते. माझा मोठा भाऊ अभिनंदन जयसिंगपूरला बर्ग्यांचं संपर्क कार्यालय चालवायचा, त्यामुळे ती फाइल मी परत करायला हवी होती. फाइलवर फक्त क्रमांक असतो, नाव नसतं, अशी सबब मी स्वतःला दिली. खरी गोष्ट एवढीच की मला बघायचं होतं.

आमचं यंत्र गाणं सोलतं. आधी ढोल आणि बास निघतो, मग चित्रपटाचं पार्श्वसंगीत, पाण्याचा आवाज, आणि शेवटी सुटा गळा उरतो. आवाज चढवता येतो, बारीक करता येतो, पण स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतच्या नळीची लांबी कुणाला मनाला येईल तशी कमी करता येत नाही. तिची खूण प्रत्येक स्वरात राहते. नऊ वर्षांच्या मुलाची नळी साधारण बारा सेंटिमीटर असते. या वाक्यातली चौदा निघाली. म्हणजे मुलाचा आवाज काढणारी मोठी बाई. यात नवल नव्हतं. त्या काळी सेटवरचं ध्वनिमुद्रण कच्चं असे. कॅमेऱ्याच्या घरघरीत मुलं जे बोलत ते नंतर डबिंग थिएटरात बायकांकडून बोलवून घेत. चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांमध्ये त्यांची नावं नसत.

नवल दहाव्या अक्षरात होतं.

विजेवर चालणाऱ्या ध्वनिमुद्रणात त्या विजेचीच एक बारीक गुणगुण शिरते. आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास आंदोलनांची. आपल्या कानाला ती जाणवत नाही, यंत्राला जाणवते. त्या काळच्या वीजपुरवठ्याच्या सूक्ष्म नोंदी कुणी ठेवलेल्या नाहीत, त्यामुळे गुणगुणीवरून तारीख सांगता येत नाही. ती सलग आहे की तुटलेली, एवढं सांगता येतं. ‘थांब’पर्यंत ती सरळ चालली. तिथं तुटली, आणि ‘तो’च्या खाली एकदम बासष्ट आंदोलनांवर गेली. आपली वीज कधीच बासष्टवर चालत नाही. याचा अर्थ ‘तो’ वेगळा मुद्रित केला, टेप जोरात फिरवून बारीक केला आणि कापून इथे जोडला. मी तो तुकडा पुन्हा पन्नासवर उतरवला. गळा आवळून बोलणारा एक प्रौढ पुरुष निघाला.

म्हणजे लोक चाळीस वर्षं ज्या वाक्याला दाद देत होते, त्यातली नऊ अक्षरं एका बाईची, एक एका बाप्याचं, आणि आमदारांचं एकही नाही. जोड कशासाठी दिला असेल, हे कळायला मराठी माणसाला यंत्र लागत नाही. बाई ‘थांबते’ म्हणाली असणार.

एवढं लिहून फाइल बंद करता आली असती. पण मूळपत्रात नावाचा रकाना असतो आणि मला तो रिकामा ठेवायचा नव्हता. नाकातल्या पोकळीचा आकार मोठेपणी जवळजवळ बदलत नाही आणि म, न, ण म्हणताना तिचा ठसा उमटतो. तीन वर्षांपूर्वी हे पक्कं झालं आणि तेव्हापासून चाळीस वर्षांपूर्वीचा गळा आजच्या गळ्याशी जुळवता येऊ लागला. माणसाला पडसं झालं असेल तर ते जाईपर्यंत थांबायचं, एवढीच अडचण. ‘तुम्ही’, ‘मी’ आणि ‘थांब’ असे तीन ठसे माझ्याकडे होते. केंद्रात नोंदवलेल्या एकाही गळ्याशी ते जुळले नाहीत. मग मी ती नऊ अक्षरं बाईच्या साध्या पट्टीत उतरवली आणि हेडफोन लावून ऐकली.

‘मी’ या शब्दाला शेवटी एक छोटा हेल होता. तो मी रोज फोनवर ऐकत होते.

माझ्या फोनमध्ये आईचे चारशेहून जास्त आवाजी निरोप होते. ‘मी देवळात आहे, नंतर कर.’ ‘मी चटणी पाठवलीय, मिळाली का कळव.’ त्यांतले वीस मी यंत्राला घातले. ज्याचा आवाज ताडून बघायचा त्याची लेखी संमती आधी घ्यावी, असा नियम आहे. नवीन येणाऱ्यांना तो मीच समजावून सांगायचे. चहा यायच्या आत उत्तर आलं. जुळणी पूर्ण होती.

मूळपत्र मंगळवारी द्यायचं होतं. रविवारी दुपारी मी जयसिंगपूरला पोचले.

माझी आई रत्नप्रभा मगदूम. वय बासष्ट, प्राथमिक शाळेतून निवृत्त. बाबा गेल्यापासून ती आणि दादा दोघंच राहतात. ती हॉलमध्ये पावटे सोलत बसली होती, दादा जेवत होता. मी प्रस्तावना न करता सांगितलं. दादा आधी मनापासून हसला.

"आपली आई? हिला गॅदरिंगला दोन शब्द बोला म्हटलं तरी घसा बसायचा."

मग त्याच्या लक्षात आलं की मी विनोद करत नाही आणि आईही हसलेली नाही. त्यानं ताट सरकवलं. निवडणुकीला अठरा दिवस राहिले असताना साहेबांचं वाक्य खोटं ठरवायचं, तेही त्यांच्याच कार्यालय-प्रमुखाच्या घरातून, हे मला कुणी शिकवलं, असं तो विचारू लागला. मी म्हटलं, मोजमाप कुणी शिकवत नाही, ते असतं. तो म्हणाला, तू लहानपणापासून अशीच, घड्याळ उघडून बघायचीस आणि बंद पाडून ठेवायचीस.

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. "माझा आवाज तुला कुठं मिळाला?"

मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग तिला सांगायचा होता म्हणून नाही, मी विचारत राहिले म्हणून, तिनं बाकीचा भाग सांगितला, तोही माझ्याकडे न बघता.

बाविसाव्या वर्षी ती कोल्हापूरला डी.एड. करत होती. नाटकात लहान मुलांचे आवाज काढायची, ते ऐकून कुणीतरी तिला डबिंगला नेलं. घरी तिनं शिवणाचा क्लास सांगितला होता. थिएटरात अंधार. पडद्यावर दृश्याचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरायचा आणि ओठ हलतील तसं बोलायचं. पाणी भिंतीवरून यायला लागलं की तिला खरंच भीती वाटायची आणि तोंडातून ‘थांबते’ जायचं. एकदा, दोनदा, सतरा वेळा. काचेपलीकडे पाच-सहा पुरुष बसलेले. शेवटी रेकॉर्डिस्ट तिच्या हेडफोनमध्ये म्हणाला, "बाई, तुम्ही घरी जा. तुमचा ‘तो’ मी देतो." काचेपलीकडे सगळे इतके हसले की एकाला ठसका लागला. ती बाहेर आली आणि पुन्हा कधी माइकसमोर उभी राहिली नाही. शाळेतही नाही.

मला तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. माझ्या मनात आलं, म्हणूनच बासष्ट. त्याला घाई होती, त्यानं अंदाजानंच टेपचं चाक फिरवलं असणार. बहुधा ते माझ्या तोंडावर दिसलं.

"झालं तुझं समाधान?" आई म्हणाली आणि आत गेली.

सोमवारी सकाळी दादा आमदारांनाच घेऊन आला. बर्गे थकलेले होते, प्रचारानं आवाज बसला होता. माझ्याशी ते अदबीनं बोलले आणि त्या अदबीतच धमकी होती. केंद्रात त्यांची कुणाकुणाशी ओळख आहे ते त्यांनी चहा घेता घेता सांगून टाकलं. मी त्यांना आलेख दाखवला. त्यांनी तो पाहिला नाही. चाकाच्या ग्रीसचा वास अजून आठवतो, म्हणाले. दिग्दर्शकानं पाठीवर मारलेली थाप आठवते. ते वाक्य आपण बोललो हे आठवतं. ते खोटं बोलत नव्हते. सेटवर ते बोललेच असणार. कॅमेऱ्याच्या घरघरीत ते विरलं आणि पुढची चाळीस वर्षं ते दुसऱ्याचा आवाज ऐकून स्वतःचा आठवत राहिले. हेही मी त्यांना समजावलं. तेव्हा पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला, आणि मग लगेच कडक झाला.

दादानं कागद पुढे केला. ‘सदर आवाज माझा नाही’ एवढंच लिहिलं होतं, खाली आईची सही हवी होती. तेवढ्यानं हरकत कोसळली नसती, पण वकिलांना निवडणूक होईपर्यंत ताणायला पुरेसं होतं.

आईनं चष्मा लावून कागद वाचला आणि परत दिला. "तोंड तुमचं होतं, साहेब. आवाज कुणाचा होता ते मी सांगणार नाही. माझा नव्हता असंही लिहून देणार नाही."

"काकू, मी या वाक्यावर उभा आहे."

"मग बसा."

बर्गे उठले. दादा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेला, तिथं हात जोडून बराच वेळ काहीतरी बोलत राहिला, आणि परत आला तो सरळ माझ्यावर.

"लई शहाणी झालीस ना पद्मे? मशीन लावून आईला चौकात उभी करतीस. उद्या शेंबडी पोरं या दारात येऊन म्हणतील, आज्जी, एकदा म्हणून दाखवा की. जमतंय तुला? चल, निघ. आत्ताच्या आत्ता चालती हो इथनं."

मी आईकडे पाहिलं. ती त्याला थांबवेल असं मला वाटलं होतं. तिनं माझी बॅग उचलली आणि दारात आणून ठेवली.

फाटकाशी मी तिच्याशी भांडले. मी म्हटलं, तुझं नाव दिलं तर चाळीस वर्षांचा अन्याय भरून निघेल. पाट्यांमध्ये नाही आलं ते सरकारी कागदावर येईल. ते काचेपलीकडचे हसणारे जिवंत असतील तर त्यांनाही कळेल. ती म्हणाली, कुणाला काय कळावं हे तू ठरवणार? मी म्हटलं, जे खरं आहे ते कुणीच ठरवत नाही. मग मी ते बोलले, ज्याची मला अजून लाज वाटते. मी म्हटलं, तू भित्री आहेस, तेव्हाही होतीस.

ती ओरडली नाही. शिक्षिकेच्या सवयीनं एकेक शब्द सुटा करून बोलली.

"त्या माणसानं माझं एक अक्षर कापलं. पण आधी मला ‘घरी जा’ म्हणाला तरी. तू माझे वीस निरोप उचललेस आणि विचारलंही नाहीस. चटणी पाठवली म्हणून सांगितलं होतं तुला मी. तुझ्या मशीनसाठी नव्हतं ते." मग फाटकाची कडी लावता लावता म्हणाली, "माझं नाव त्या कागदावर आलं तर मी तुझ्या ऑफिसात तक्रार करीन. स्वतः येऊन."

"कर," मी म्हटलं.

पुण्यापर्यंत सहा तास मी मनातल्या मनात तिला उत्तरं देत होते. साताऱ्याच्या पुढे उत्तरं संपली. उरलं ते एवढंच की तिनं काढलेली चूक बरोबर होती. प्रयोगाची पद्धत चुकली असेल तर निष्कर्ष कितीही बरोबर निघाला तरी तो वापरायचा नसतो. हे मी दुसऱ्यांच्या निबंधांवर लाल शाईनं लिहिलेलं आहे.

मंगळवारी मूळपत्र लिहायला बसले. दावेदार सत्यशील बर्गे यांचा आवाज नाही, हे सिद्ध करायला आईच्या निरोपांची गरज नव्हती. नळीची लांबी आणि गुणगुण पुरेशी होती. ते लिहिलं. पहिली नऊ अक्षरं एका प्रौढ स्त्रीची, दहावं एका प्रौढ पुरुषाचं, जोड कुठे आहे, सगळं लिहिलं. नावाच्या रकान्यात ‘अज्ञात’ लिहायला बोटं गेली आणि थांबली. मला ती अज्ञात नव्हती. शेवटी लिहिलं, ‘नाव देता येत नाही’, आणि कारणासाठी वेगळं पान जोडलं: तपासनिसानं एका व्यक्तीचे खाजगी निरोप संमतीवाचून ताडून पाहिले आहेत, ती जुळणी बेकायदा असून यंत्रातून पुसली आहे, याशिवाय या फाइलशी संबंधित एका कर्मचाऱ्याशी असलेलं रक्ताचं नातं तपासनिसानं कळवलं नव्हतं. खाली सही केली.

दुपारपर्यंत माझा परवाना काढून घेतला. पाच वर्षं मला कुठल्याही गळ्याची तपासणी करता येणार नाही. आमचे प्रमुख देवस्थळी सर म्हणाले की दुसरं पान जोडलं नसतं तर कुणाला कळलं नसतं. मी म्हटलं, हो. त्यांना माझा रागही आला होता आणि कंटाळाही. दारातून जाताना म्हणाले, "प्रामाणिक व्हायचंच होतं तर आठवडाभर आधी व्हायचं होतं."

गाणं बंद झालं. बर्ग्यांनी दादाला कार्यालयातून काढलं. घरातून फितुरी झाली, असं त्याच्या तोंडावर सांगितलं. दादानं मला एकच निरोप पाठवला, लेखी, आणि माझा नंबर बंद करून टाकला. तो निरोप इथे देण्यासारखा नाही.

आणि बर्गे निवडून आले. स्पीकरवरचा आवाज गेल्यावर सभेतली माणसंच ते वाक्य म्हणू लागली. पुरुष ‘थांबतो’ म्हणत, बायका ‘थांबते’. लोक स्वतःच्या गळ्यानं बोलत होते, त्याला मूळपत्र लागत नाही. विरोधी उमेदवाराला ही हरकत घ्यायला ज्यानं सुचवलं तो वकील आता त्याच्याकडे नाही, असं ऐकते.

केंद्रानं जाहीर आवाहन केलं की ‘नऊ नंबरचा दरवाजा’मधल्या मुलाला जिनं आवाज दिला तिनं पुढे यावं. दोनशे बारा बायका आल्या. काही खोटं बोलत होत्या, काहींना खरंच तसं वाटत होतं. त्या काळात अनेकींनी अनेक मुलांचे आवाज काढले होते आणि कुठल्या कुठल्या चित्रपटांत ते गेले हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ठसा एकीचाही जुळला नाही. मग देवस्थळी सरांचा फोन आला. त्यांनी नाव घेतलं नाही, विचारलंही नाही. ती बाई आपणहून पुढे आली आणि तिनं आता रीतसर संमती दिली, तर माझं प्रकरण पुन्हा उघडता येईल, पाच वर्षांचं एक वर्ष होऊ शकेल, एवढंच म्हणाले. कोरा संमतिपत्राचा फॉर्म मेलनं पाठवला.

तो छापून घेऊन मी जयसिंगपूरला गेले. दादा घरी नव्हता, हे मी शेजारच्या उपाध्यांकडून आधी विचारून घेतलं होतं. आईनं दार उघडलं, मला आत येऊ दिलं आणि पाणी आणून ठेवलं. मी परवान्याचं सांगितलं. ते लपवून विचारणं म्हणजे पुन्हा चोरीच झाली असती. ती ऐकत होती. मग मी फॉर्म तिच्यासमोर ठेवला, पेन शेजारी ठेवलं नाही, आणि विचारलं, "आई, तुझा आवाज तपासायला देशील का?"

तिनं चष्मा लावला. फॉर्म दोन्ही बाजूंनी वाचला, खालची बारीक टीपसुद्धा. घाई केली नाही. वाचून झाल्यावर त्याच्या कडा जुळवून घडी घातली आणि माझ्या हातात दिला.

"नाही," ती म्हणाली.

त्या सोमवारनंतर ती माझ्याशी बोललेला हा पहिला शब्द होता.